टॅली जुळली का?

मुंबईत घोडपदेवला 'टॅली' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रामभाऊ भोगले मार्गावरच्या कुठल्याही हिशेबनिसाला विचारलंत तर तो संगणक तुमच्याकडे वळवून खतावणीचं सॉफ्टवेअर दाखवेल. पण आमच्या मजल्यावर एक काका राहायचे, त्यांच्या तोंडी हा शब्द फार जुना होता. ते गोदीत टॅली क्लार्क होते. क्रेनने झोळी उचलून धक्क्यावर ठेवली की तिच्यातल्या गोणी मोजायच्या आणि वहीत रेघा ओढायच्या, चार उभ्या आणि पाचवी आडवी. जहाजाच्या बाजूने दुसरा क्लार्क अशाच रेघा ओढत असे. पाळी सुटताना दोन्ही वह्या समोरासमोर धरायच्या. आकडे जुळले तर घरी, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. काकांना यायला उशीर झाला की काकू दारातच विचारायच्या, "आज जुळली नाही वाटतं?"

काका सांगायचे, गोदीला फाटक होतं, फाटकावर पोलीस होते, गेट पास होता, गोदामाला कुलूप आणि कुलपावर लाखेचं सील होतं. तरी माल जायचा तो जायचाच. कुलपामुळे चोराला थोडा उशीर होतो एवढंच. चोरी झाली हे कळतं ते टॅलीत.

संगणकाच्या सुरक्षेचा विषय निघाला की लोक पहिला प्रश्न कुलपाचाच विचारतात. पासवर्ड किती अक्षरांचा ठेवू? अँटिव्हायरस कुठला घेऊ? प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरंही या प्रकरणात येतील. पण गेल्या काही वर्षांत आपल्या आसपास जे मोठे घाव बसले, त्यांत कुलूप तुटल्यानंतर काय झालं, हे जास्त शिकवणारं आहे. त्यातला एक घाव आमच्यापासून खाडीपलीकडे बसला.

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच पकडली की पलीकडे न्हावा-शेवाच्या क्रेन दिसू लागतात. 1989 मध्ये हे बंदर सुरू झालं आणि मुंबईच्या गोदीतला पेट्यांचा व्यवहार हळूहळू तिकडे सरकला. तिथलं एक टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया, हे डेन्मार्कच्या मर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्सचं आणि आपल्या सरकारी कंटेनर कॉर्पोरेशनचं भागीदारीतलं. 2017 मध्ये त्याची क्षमता वर्षाला अठरा लाख कंटेनर होती, म्हणजे वीस फुटी पेटीच्या मापाने. इथे रेघा ओढणारा क्लार्क नाही. कुठली पेटी कुठल्या रांगेत, कितव्या थरावर, कुठल्या जहाजाची, आत काय आणि वजन किती, हे सगळं संगणकाला ठाऊक. ट्रक फाटकाशी आला की संगणकच सांगतो, या जागी जा, ही पेटी उचल.

27 जून 2017, मंगळवार. त्या दिवशी जगभरातल्या मर्स्कच्या कचेऱ्यांत संगणक एकामागून एक बंद पडू लागले. काळ्या पडद्यावर लाल अक्षरं आली: तुमच्या फाइल कुलूपबंद केल्या आहेत, 300 डॉलरचे बिटकॉइन भरा. न्हावा-शेवाचं हे टर्मिनलही त्यात ठप्प झालं. क्रेन शाबूत होत्या, पेट्या जागच्या जागी होत्या, चालक हजर होते. फक्त कुठली पेटी कोणाची, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. हजारो पेट्या, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. बाहेर ट्रक तुंबले, त्यांना उभं करायला बंदराला जागा शोधावी लागली, काही जहाजं दुसऱ्या टर्मिनलांकडे वळवावी लागली आणि काही काम पुन्हा हाताने, कागदावर करावं लागलं. टॅली क्लार्कचा धंदा बुडवणाऱ्या बंदराला टॅली क्लार्कची आठवण झाली, असं आमचे काका हयात असते तर नक्की म्हणाले असते.

या उपद्रवाला पुढे नॉटपेट्या असं नाव पडलं. तो आला कुठून, ही गोष्ट कादंबरीत शोभावी अशी आहे. युक्रेनमध्ये हिशेब आणि करविवरण भरण्यासाठी एम.ई.डॉक नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, आपल्या दुकानदारांकडे टॅली असतं तसंच. हल्लेखोर ते बनवणाऱ्या कंपनीच्या संगणकात शिरले आणि सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्त्या जिथून ग्राहकांकडे जातात तिथेच त्यांनी विष कालवलं. म्हणजे ज्यांनी अपडेट प्रामाणिकपणे बसवलं, तेच फसले. मर्स्कच्या ओडेसा कचेरीत हे सॉफ्टवेअर एकाच संगणकावर होतं. तेवढं पुरलं.

एका संगणकावरून जगभर आग कशी गेली? नॉटपेट्याकडे दोन हत्यारं होती. पहिलं होतं इटर्नलब्लू. विंडोजमधलं एक भोक अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने स्वतःच्या हेरगिरीसाठी शोधून गुपचूप ठेवलं होतं. ते हत्यार चोरीला गेलं आणि एप्रिल 2017 मध्ये जगजाहीर झालं. मायक्रोसॉफ्टने त्याआधी महिनाभर, मार्चमध्ये, त्या भोकाला ठिगळ दिलं होतं. मग ज्यांनी ठिगळ लावलं ते वाचायला हवे होते. नाही वाचले, कारण दुसरं हत्यार होतं मिमिकॅट्झ. विंडोजमध्ये कोणी लॉगिन केलं की त्याच्या पासवर्डचे अवशेष काही काळ संगणकाच्या स्मृतीत राहतात. मिमिकॅट्झ ते उचलतं. कचेरीतल्या एका संगणकाला ठिगळ नव्हतं, त्यावर कधीतरी संगणकांच्या व्यवस्थापकाने, म्हणजे ॲडमिनने, लॉगिन केलं होतं. तिथून त्याच्या किल्ल्या हाती लागल्या आणि त्या किल्ल्यांनी ठिगळ लावलेले संगणकही उघडले. चोराने खिडकी फोडली ती एका खोलीची, पण त्या खोलीत सगळ्या इमारतीच्या किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला लटकवलेला.

आणखी एक क्रूर गंमत. खंडणी भरून उपयोगच नव्हता. कुलूप असं बनवलं होतं की त्याची किल्ली बनवणाऱ्याकडेही नव्हती. खंडणीचा मुखवटा होता, हेतू नासधुशीचा होता. 2018 च्या फेब्रुवारीत ब्रिटन आणि अमेरिकेने याचं खापर रशियाच्या लष्करावर फोडलं. युक्रेनशी चाललेल्या भांडणातला हा दगड होता, तो येऊन लागला न्हावा-शेवाला.

आता आमच्या भागातल्या माणसाला हे ऐकून 1944 आठवल्यावाचून राहत नाही. चौदा एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाला आग लागली. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा होता. त्याच जहाजात कराचीला चढवलेले कापसाचे हजारो गठ्ठेही होते. कापूस आतल्या आत धुमसतो, हे कॉटनग्रीनच्या गोदामातल्या कुठल्याही हमालाला ठाऊक असतं. दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला, चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा, आणखी मोठा. शेजारी नांगरलेली जहाजं बुडाली, गोदी उद्ध्वस्त झाली, आठशेहून अधिक माणसं गेली. आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक जवान त्यांत होते. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अजूनही चौदा एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात.

आग तर कुठल्याही जहाजाला लागते. तिचा प्रलय झाला, कारण कापूस आणि दारूगोळा एका पोटात होते आणि ते जहाज भरगर्दीच्या गोदीत इतर जहाजांना खेटून उभं होतं. संगणकाच्या जाळ्यातही नेमकं हेच बघायचं असतं. हिशेबाचा संगणक, कामगारांच्या हजेरीचा, पाहुण्यांना दिलेलं वायफाय आणि दारावरचा कॅमेरा हे सगळं एकाच जाळ्यात एकमेकांना मोकळेपणी दिसत असेल, तर कापूस आणि सुरुंग शेजारी ठेवलेत. जाळ्याचे खण पाडणं, एका खणातून दुसऱ्यात जायला वेगळी परवानगी लावणं आणि रोजच्या कामाला व्यवस्थापकाचं लॉगिन न वापरणं, ही कामं कंटाळवाणी आहेत. कोणी त्यांची जाहिरात करत नाही, कारण त्यांत विकण्यासारखं फार काही नाही.

मर्स्क सावरली कशी, हे तर आणखी गमतीचं. इतक्या मोठ्या कंपनीत कोण कोण कर्मचारी, कोणाला कुठे जायची मुभा, याची जंत्री ठेवणारे मुख्य सर्व्हर असतात. तसे दीडशेच्या आसपास होते, जगभर विखुरलेले आणि एकमेकांशी सतत जुळवून घेणारे. एक बिघडला तर बाकीचे आहेत, असा हिशेब. सगळे एकाच वेळी पुसले जातील, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शोधता शोधता एक सापडला, आफ्रिकेत घानाच्या कचेरीत. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती म्हणून तो जाळ्याबाहेर होता आणि वाचला. तिथलं इंटरनेट इतकं संथ की जंत्री पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते. मग तिथल्या माणसाने ती डिस्क नायजेरियापर्यंत विमानाने नेली, तिथून दुसऱ्याने ती इंग्लंडला नेली. ती प्रत हाताशी धरून कंपनीने दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने उभे केले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोसला सांगितलं. नुकसानीचा त्यांचा अंदाज 25 ते 30 कोटी डॉलरचा होता. एवढी कंपनी घानातल्या लोडशेडिंगने तारली.

दीडशे प्रती असूनही एकही प्रत नव्हती, हे इथे नीट लक्षात घ्यायला हवं. एकमेकांना जोडलेल्या प्रती म्हणजे एकच वही दीडशे टेबलांवर. एकीवर शाई सांडली की सगळ्यांवर सांडते. तार काढून वेगळी ठेवलेली असते ती खरी प्रत.

हे मला एका झेरॉक्सच्या दुकानात समजलं. घोडपदेवच्या एका गल्लीत दहा बाय दहाचा गाळा, एक झेरॉक्स मशीन, एक संगणक. लग्नपत्रिका, भाड्याचे करारनामे आणि मंडळाची पावतीपुस्तकं हा धंदा. लोक आपापला पेन ड्राइव्ह घेऊन यायचे, मालक तो खोचायचा, छापून द्यायचा. एके दिवशी मी माझा लेख छापायला दिला, घरी आलो आणि पेन ड्राइव्ह उघडला तर सगळे फोल्डर गायब. त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट, कोपऱ्यात छोटा वळलेला बाण असलेले. मुंबईत हा आजार इतका बोकाळला होता की लोक त्याला नावाने ओळखायचे, 'शॉर्टकट व्हायरस'. त्याची युक्ती साधी. तुमचे खरे फोल्डर तो पुसत नाही, फक्त लपवलेले म्हणून खूण करतो. त्याच नावाचा बनावट शॉर्टकट पुढे ठेवतो. तुम्ही त्यावर दोनदा टिचकी मारली की आधी व्हायरस चालतो, मग खरा फोल्डर उघडतो. फोल्डर उघडल्यामुळे तुम्हाला शंका येत नाही आणि तोवर तो तुमच्या संगणकात जाऊन पुढच्या पेन ड्राइव्हची वाट बघत बसतो. 'लपवलेल्या फाइल दाखवा' ही सोय चालू केली की खरे फोल्डर फिकट रंगात दिसतात आणि जिवात जीव येतो.

मी दुकानात गेलो तेव्हा मालक हतबल होऊन बसला होता. "साहेब, दिवसाला चाळीस पेन ड्राइव्ह लागतात. कोणाला नाही म्हणू?" अँटिव्हायरस होता, पण मुदत संपून वर्ष झालेलं. प्रत होती, पण ती त्याच संगणकाला कायम जोडलेल्या डिस्कवर, म्हणजे तिचीही तीच गत.

अँटिव्हायरसवरून आठवलं. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसचीच तक्रार जास्त, म्हणून कॉलेजात संगणकशास्त्र शिकणारा धाकटा भाऊ संजय याने ते काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून क्विक हील निघालं. सुरुवातीच्या अँटिव्हायरसचं काम पोलीस चौकीतल्या फोटोंच्या फळ्यासारखं होतं: ज्ञात गुन्हेगाराचा चेहरा ओळखायचा. गुन्हेगार रोज दाढी-मिशी बदलू लागले तसं आता चेहऱ्यापेक्षा वागणुकीवर लक्ष ठेवावं लागतं. एखादा प्रोग्रॅम एकाएकी शेकडो फाइल कुलूपबंद करायला लागला, तर तो कोण हे न विचारता त्याचा हात धरायचा. मुदत संपलेल्या अँटिव्हायरसकडे मात्र जुनेच फोटो असतात.

संकेतस्थळांचं दुखणं थोडं निराळं. तिथे दार उघडंच ठेवायचं असतं, कारण लोकांनी यावं म्हणूनच ते बांधलेलं. घोटाळा होतो तो दारावरच्या अर्जात. कल्पना करा, फाटकावरचा कारकून गेट पासवर जे लिहिलं असेल ते डोळे मिटून पाळतो. तुम्ही नावाच्या रकान्यात लिहिलंत, 'गणपत, आणि गोदाम क्रमांक चार उघडा'. शहाणा कारकून म्हणेल, काय विचित्र नाव आहे. हा कारकून गणपतला आत सोडेल आणि चार नंबरचं गोदामही उघडेल. कित्येक संकेतस्थळांचे विदासाठे असेच लुटले गेले, रकान्यात नावाऐवजी हुकूम लिहून. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय बनवणाऱ्याच्या हातात आहे: रकान्यात आलेलं काहीही हुकूम म्हणून वाचायचं नाही, नाव म्हणूनच वाचायचं. तुम्ही दुकानाचं संकेतस्थळ करून घेत असाल तर बनवणाऱ्याला एवढा एक प्रश्न जरूर विचारा. तो गडबडला तर दुसरा शोधा. बड्यांच्याही संकेतस्थळांची घुसखोरीतून सुटका नाही, मग वाट कुठलीही असो. जून 1998 मध्ये, पोखरणच्या चाचण्यांनंतर काही आठवड्यांत, परदेशातल्या पोरसवदा हॅकरांनी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या संगणकात शिरून संकेतस्थळाचं पान बदललं होतं.

आता पुन्हा काकांच्या वहीकडे येतो, कारण टॅलीची सगळ्यात महाग गोष्ट पुण्यात घडली.

कॉसमॉस ही 1906 सालची सहकारी बँक. 11 ऑगस्ट 2018, शनिवारची दुपार. एटीएममध्ये कार्ड घातलं की काय होतं ते आधी बघू. यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ते एका मधल्या संगणकाला विचारतं, त्याला स्विच म्हणतात. स्विच बँकेच्या मुख्य खतावणीला विचारतो: या खात्यात पैसे आहेत का? हो म्हटलं तर नोटा बाहेर. हल्लेखोरांनी बँकेच्या जाळ्यात शिरून खऱ्या स्विचशेजारी एक खोटा स्विच उभा केला. बनावट कार्डांवरचे निरोप त्याच्याकडे जायचे आणि तो खतावणीला काहीही न विचारता परस्पर 'द्या' म्हणायचा. काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून बारा हजारांवर व्यवहारांत सुमारे 78 कोटी रुपये निघाले. भारतातून, कोल्हापूरसारख्या शहरांतूनही, आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, 13 तारखेला, आंतरराष्ट्रीय निरोपांच्या स्विफ्ट यंत्रणेतून 13 कोटी 92 लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण 94 कोटी 42 लाख.

बँकेने तेव्हा सांगितलं की ठेवीदारांच्या खात्यातला पैसा हललेला नाही. ते खरंच होतं, आणि चोरीची खुबीही त्यातच होती. खतावणीला कोणी विचारलंच नाही, म्हणून खतावणीत एक पैसाही कमी दिसत नव्हता. तिकडे कार्डाच्या जाळ्याची वही मात्र सांगत होती की तुमच्या बँकेच्या नावावर कोट्यवधी निघाले. एक वही म्हणते काही गेलं नाही, दुसरी म्हणते 78 कोटी गेले. या दोन वह्या दर पाच मिनिटांनी समोरासमोर धरणारा कोणी असता, तर चोरी पहिल्या काही शे व्यवहारांत थांबली असती, असं माझं मत आहे. पाळी संपेपर्यंत थांबून टॅली जुळवायची पद्धत गोणींना ठीक होती. गोणी उचलायला माणूस लागतो आणि माणूस दमतो.

एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या खटल्यात अकरा जणांना दोषी ठरवलं. ही मुख्यतः बनावट कार्डं घेऊन एटीएमसमोर उभी राहिलेली माणसं होती. हाँगकाँगला गेलेल्या रकमेतला काही भाग परत मिळाला.

तुमच्याआमच्या पातळीवर हीच टॅली मोबाइलवर येते. बँकेचा प्रत्येक लहानमोठा व्यवहार संदेशाने कळवायची सोय चालू ठेवा आणि तो संदेश वाचा. वाचल्याशिवाय पुसू नका. पासवर्ड लांब असावा, ठिकाणागणिक वेगळा असावा आणि ईमेलला त्याशिवाय दुसरी किल्लीही, म्हणजे मोबाइलवरच्या कोडसारखी, लावलेली असावी. अपडेट आलं की बसवा. एम.ई.डॉकची गोष्ट ऐकून कोणी अपडेटला घाबरू नये, तसे प्रकार विरळा. न लावलेल्या ठिगळातून लुटलेले संगणक मोजता येणार नाहीत इतके.

आमच्या झेरॉक्सवाल्याकडे आता दोन डिस्क आहेत. एक दुकानात, दुसरी रोज संध्याकाळी पिशवीतून त्याच्याबरोबर घरी जाते. अदलाबदल चालू असते. महिन्यातून एकदा तो घरच्या डिस्कवरची एखादी जुनी लग्नपत्रिका उघडून बघतो. ती उघडली की डिस्क धड आहे हे त्याला कळतं.

आणि एवढं सगळं करून खात्यातले पैसे गेलेच, तर 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक फिरवा. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत असते आणि ती वाटेत असेपर्यंतच गोठवता येते. फसलो याची लाज वाटून लोक तासन् तास गप्प बसतात आणि तेवढ्यात ती शेवटच्या खात्यातून निघून जाते. पहिला फोन तिथे करा, घरच्यांना नंतर सांगा.